कुंपण घालण्याआधी

आज बोलायचंय घराभोवतीच्या कुंपणाबद्दल. विषय साधा वाटेल, पण यात पैसा मोठा जातो, तो एकदाच जातो आणि चुकला तर दोन पावसाळ्यांत जाळी गंजते, खांब कलतात. त्यातून शेजाऱ्याशी वाद झाला तर तो वेगळाच. गटाचं कर्ज काढून कुंपण घालणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत. कोणी परसबागेसाठी घालतं, कोणी कोंबड्यांसाठी, कोणी लेकरं रस्त्यावर पळू नयेत म्हणून. तेव्हा ठेकेदाराला फोन लावण्याआधी काय ठरवायचं, आणि तो दारात आला की त्याला काय विचारायचं, ते आज क्रमाने बघू.

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा : हे कुंपण कोणाला अडवणार आहे? बहुतेक जणी आधी दर विचारतात, मग शेजारणीकडे आहे तसंच घालतात. पण शेजारणीकडे गाय आहे आणि तुमच्याकडे कोंबडीची पिल्लं, तर तेच कुंपण तुमच्या कामाचं नाही.

मोठ्या गुरांना काटेरी तारेच्या चार-पाच ओळी अडवतात. शेळीला त्या अडवत नाहीत. ती दोन तारांमधून अंग काढून आत येते. शेळीसाठी जाळीच हवी, कमीत कमी ४ फूट उंच. तीही मागच्या पायांवर उभी राहून वरून तोंड घालते, म्हणून भाजीचे वाफे जाळीपासून दीड-दोन हात आत घ्यावेत. कोंबड्यांसाठी २ इंच घराची जाळी मोठ्या कोंबडीला पुरते, पण पिल्लं त्यातून बाहेर जातात आणि मुंगूस आत येतं. तिथे खालच्या दोन फुटांना बारीक घराची कोंबडी-जाळी वेगळी बांधावी. रानडुक्कर वरून येत नाही, खालून उकरतं. त्याच्यासाठी जाळीचं बूड फूटभर जमिनीत गाडावं लागतं. आणि वानराला कुठलीच जाळी अडवत नाही. ‘या जाळीने वानरंसुद्धा येणार नाहीत’ असं कोणी सांगितलं, तर तो माल खपवतोय एवढं समजून घ्या.

आता कुंपणाचे प्रकार पाहू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे बाभळीच्या नाहीतर बोराटीच्या फांद्यांची वई. पैसे लागत नाहीत, पण दरवर्षी नवी घालावी लागते आणि ते कष्ट बहुधा बाईच्याच वाट्याला येतात. घरात लहान मुलं असतील तर काट्यांचाही विचार करावा.

दुसरं जिवंत कुंपण, म्हणजे झाडांचं. निर्गुडी, मेंदी, करवंद, सागरगोटा, घायपात, गिरिपुष्प यांतलं आपल्या मातीत काय येतं ते बघून लावायचं. गिरिपुष्पाची फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी खोचली की फुटते आणि तिचा पाला परसबागेला खत म्हणून चालतो. निर्गुडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. करवंद आणि सागरगोट्याला काटे असल्याने आत शिरणं अवघड होतं. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते, आणि मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात. मुलं खेळतात त्या बाजूला ही दोन्ही झाडं नकोत. जिवंत कुंपण दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर आतल्या बाजूने साध्या तारेचा किंवा वईचा आधार ठेवावा लागतो.

तिसरा प्रकार दगडाचा. कोकणात जांभ्याचा गडगा असतोच. जिथे दगड जवळ मिळतो आणि रचणारा माणूस गावात आहे, तिथे गडग्यासारखं टिकाऊ काही नाही. खारं वारं त्याला खात नाही. पण जागा जास्त अडते आणि मजुरी बरीच लागते.

चौथी तारेची जाळी. सध्या बहुतेक जणी हीच घेतात आणि फसगतही हिच्यातच जास्त होते. म्हणून इथे थोडं थांबू.

जाळीची तार किती जाड, ते गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. हे उलटं आहे, ते पक्कं लक्षात ठेवा. ८ गेजची तार साधारण ४ मिलिमीटर जाड असते, १० गेजची सव्वातीन, १२ गेजची अडीचच्या थोडी वर आणि १४ गेजची २ मिलिमीटर. हा फरक बोटाला फारसा कळत नाही, पण १० गेजच्या तारेत १२ गेजच्या तारेपेक्षा सुमारे दीडपट लोखंड असतं. म्हणून एकाने सांगितलेला फुटाचा दर दुसऱ्यापेक्षा कमी दिसला, तरी गेज विचारल्याशिवाय तो स्वस्त आहे असं म्हणता येत नाही.

जाळी कुठे फुटावर विकतात, कुठे किलोवर. फुटावर घेताना तार ठरल्यापेक्षा बारीक निघाली की तोटा आपला. किलोवर घेताना गरजेपेक्षा जाड तार आपल्या गळ्यात मारली की बिल फुगतं. दोन्ही वेळेला उपाय एकच : गेज, घराचं माप आणि उंची आधी ठरवायची, बिलावर लिहून घ्यायची आणि माल उतरताना तपासायची. तारेची जाडी मोजायची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात असते. किलोवर माल घेतला असेल तर तो आपल्यासमोर काट्यावर चढवायला लावा. त्यात संकोच कसला? भाजी घेताना आपण काटा बघतोच ना?

तारेवर जस्ताचा थर असतो. त्याला बाजारात जीआय म्हणतात. हा थर आहे तोवर गंज लांब राहतो. काळी तार स्वस्त पडते, पण पावसात लवकर गंजते. समुद्राजवळच्या गावांत तर जाड थराचीच किंवा वर प्लास्टिकचं आवरण असलेली तार घ्यावी. लोखंडी अँगलचे खांब असतील तर जिथे वेल्डिंग केलंय तिथे आणि जमिनीलगत आधी रेडऑक्साइड आणि मग ऑइलपेंट लावायला सांगा. गंज तिथूनच सुरू होतो.

जाळी चांगली असली तरी कुंपण उभं राहतं खांबांवर. दोन खांबांमध्ये ८ ते १० फुटांहून जास्त अंतर नको. खांब कमी करून ठेकेदार पैसे वाचवतो, मग जाळीला पोट येतं आणि शेळी तिथेच पाय देते. जमिनीवर ५ फूट उंची हवी असेल तर खांब ७ फुटांचा हवा, म्हणजे २ फूट जमिनीत जातो. सगळी ओढ कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांवर येते. त्यांना दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्यायला लावा. कोपरा हलला की सगळी जाळी सैल पडते.

तुमची जमीन काळी असेल तर आणखी काळजी घ्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्या हालचालीने खांब कलतो. तिथे खड्डा जास्त खोल घ्यावा, बुडाशी मुरूम ठोकून बसवावा आणि मग काँक्रीट घालावं. काँक्रीटला आठवडाभर पाणी मारायचं, आणि ते घट्ट होईपर्यंत जाळी ताणायची नाही. सिमेंटला पूर्ण जोर धरायला साधारण २८ दिवस लागतात. सकाळी खांब आणि संध्याकाळी जाळी, असं एका दिवसात उरकणारा माणूस कामाचा नव्हे. सिमेंटचे तयार खांब घेणार असाल तर प्रत्येक खांब बघून घ्या. चीर गेलेला किंवा आतली सळई बाहेर दिसणारा खांब परत पाठवा.

आता हद्दीचं बोलू, कारण गावातली निम्मी भांडणं इथेच होतात. कुंपण नेहमी आपल्या हद्दीच्या आत घालायचं. खुणा स्पष्ट नसतील तर आधी कागद बघा. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचं काम घेतलं आहे. तुमच्या गावात ती झाली असेल तर पत्रिकेवरचं क्षेत्र आणि नकाशा पाहा. तरीही वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, फी भरून मोजणी करून घेता येते. खांब रोवण्याआधी शेजारच्या घरातल्या दोघांनाही बोलवा, दोरी बांधून ओळ दाखवा. मधल्या बाजूचा खर्च दोन्ही घरांनी वाटून घेता आला तर उत्तमच, पण मग तसं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पक्की भिंत घालायची असेल किंवा एक बाजू रस्त्याला लागून असेल, तर आधी ग्रामपंचायतीत विचारा.

एक गोष्ट हात जोडून सांगते. कुंपणाच्या तारेत घरातली वीज कधीही, एका रात्रीपुरतीसुद्धा, सोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्याने माणसं मरतात. डुकरासाठी लावलेली तार पहाटे परसाकडे निघालेल्या बाईला दिसत नाही. सौरकुंपण वेगळं असतं. त्यात खास यंत्रातून अगदी क्षणभराचे झटके थांबून-थांबून दिले जातात. ते घ्यायचं तर यंत्रासकट जाणकाराकडूनच बसवून घ्यावं आणि धोक्याची पाटी लावावी. साध्या जाळीच्या कुंपणावरही बल्बची वायर गुंडाळू नका. पावसात वायरचं आवरण फाटलं तर सगळी जाळी वीज धरते.

आता ठेकेदाराकडे वळू. त्याला बोलावण्याआधी स्वतः टेपने मोजा. समजा तुमचं परसू ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद आहे, आणि एका ३० फुटी बाजूला घराची भिंतच आहे. मग कुंपण लागेल ४० अधिक ३० अधिक ४०, म्हणजे ११० फूट. त्यातून ४ फुटांचं फाटक वजा केलं की जाळी लागेल १०६ फूट. खांब ८ फुटांवर धरले तर १५ लागतात, फाटकासाठी एक जास्त, म्हणजे १६. हा हिशेब वहीत असला की कोणी १४० फुटांचं बिल लावलं तर लगेच कळतं.

मग निदान तिघांकडून कोटेशन घ्या, तिघांनाही एकच माप आणि एकच गेज सांगून. नाहीतर तीन कागद हातात येतात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. प्रत्येकाला विचारा : दरात खांब धरले आहेत का? खड्डे कोण खणणार? सिमेंट-खडी कोणाची? वाहतूक, फाटक, कोपऱ्याचे टेकू यांचे पैसे वेगळे आहेत का? कर धरून दर आहे की वरून लागणार? आणि पक्कं बिल देणार ना?

त्याने आधी केलेलं एक काम बघायला मागा, निदान दोन पावसाळे काढलेलं. नवीन जाळी सगळ्यांचीच चमकते. जुन्या कामावर कोपऱ्याचा खांब हलवून बघा, जाळीचं बूड बघा, आणि त्या घरच्या बाईला विचारा की हा माणूस बोलावल्यावर पुन्हा आला का. पाहुण्यातला आहे, भावजींच्या ओळखीचा आहे, म्हणून काम द्यायला हरकत नाही. पण कागद त्याच्याकडूनही करून घ्यायचा. पुढे कटकट झाली तर नातंही त्या कागदानेच वाचतं.

कागदावर एवढं हवं : एकूण लांबी, उंची, गेज, घराचं माप, खांबांची संख्या आणि खड्ड्याची खोली, एकूण रक्कम, काम संपायची तारीख, आणि किती दिवसांत काही सैल पडलं तर तो फुकट दुरुस्त करून देईल. पैसे तीन टप्प्यांत द्या. थोडे आगाऊ, थोडे माल उतरून तपासल्यावर आणि उरलेले काम पूर्ण झाल्यावर. सगळे आगाऊ मागणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या. शक्यतो पैसे खात्यातून द्या. रोख दिले तर पावती घ्या.

आणि गटाचा फायदा इथेच होतो. एका गल्लीतल्या चार-पाच जणींनी मिळून माल मागवला तर गाडीभाडं वाटून जातं, दुकानदार दरात उतरतो आणि माल तपासायला चार डोळे जास्त असतात. एकट्या बाईशी हुज्जत घालणारा ठेकेदार पाच जणींसमोर जपून बोलतो.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या परसाचा साधा नकाशा काढून आणा. चारी बाजूंची मापं, फाटकाची जागा, माती कोणती आणि कोणाला अडवायचंय, एवढं लिहा. अक्षर जमत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. नकाशे एकमेकींना दाखवा, आणि ठेकेदाराला फोन त्यानंतरच लावा.