संभाव्य ग्राहकांच्या माहितीचे समृद्धीकरण : कमांड लाइन आणि दृश्य साधनांच्या निवडीचे निकष

प्रस्तावना :

विक्री व्यवस्थेचा आरंभ संभाव्य ग्राहकांच्या यादीपासून होतो. व्यवहारात या यादीतील प्रत्येक नोंदीस ‘लीड’ असे संबोधले जाते. औद्योगिक प्रदर्शनात जमा झालेली व्हिजिटिंग कार्डे, संकेतस्थळावर भरलेले चौकशी अर्ज, दूरध्वनीवरील विचारणा आणि विक्री प्रतिनिधींच्या वह्या अशा अनेक मार्गांनी ही यादी तयार होत असल्याने ती बहुधा अपूर्ण व विसंगत असते. एखाद्या नोंदीत संस्थेचे नाव असते, पण गाव नसते. दुसऱ्या नोंदीत मोबाइल क्रमांक असतो, पण व्यवसायाचे स्वरूप कळत नाही. अशा उणिवा विश्वसनीय स्रोतांच्या आधारे भरून काढण्याच्या प्रक्रियेस माहितीचे समृद्धीकरण असे म्हणतात.

या कामासाठी दोन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. पहिल्या प्रकारात पडद्यावर तक्ता पाहत, माउसच्या साहाय्याने काम करण्याची दृश्य साधने येतात. दुसऱ्या प्रकारात लिखित आज्ञा देऊन काम करवून घेणारी कमांड लाइन साधने येतात. लघु व मध्यम उद्योगांत यांची निवड बहुतेक वेळा सवयीने होते. ज्यास जे साधन येते, ते तो वापरतो. परंतु चुकीने भरलेल्या एका रकान्यामुळे विक्री प्रतिनिधीची फेरी वाया जाते, ग्राहकाचा विश्वास उणावतो आणि कधी एखाद्या अनभिज्ञ व्यक्तीस नको असलेले दूरध्वनी येत राहतात. म्हणून या निवडीचा पद्धतशीर विचार होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :

१. समृद्धीकरणाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. दोन्ही प्रकारच्या साधनांची बलस्थाने व मर्यादा मांडणे.
३. साधनांच्या निवडीसाठी व्यवहार्य निकष सुचविणे.

समृद्धीकरणाचे स्वरूप :

उदाहरणादाखल कोल्हापूर परिसरातील फाउंड्री उद्योगास यंत्रसामग्री पुरविणाऱ्या एका लहान संस्थेची कल्पना करता येईल. प्रदर्शनातून आलेल्या तिच्या यादीत संस्थेचे नाव, गाव, पिन कोड, मोबाइल क्रमांक आणि काही ठिकाणी जीएसटी क्रमांक एवढीच माहिती आहे. बाहेरून काहीही विकत न घेता या तुटपुंज्या माहितीतूनच बरेच काही मिळू शकते.

जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचा संकेतांक दर्शवितात. महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३० हे अंक आहेत. पुढील १० चिन्हे म्हणजे पॅन क्रमांक. पॅनमधील चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातील सहावे चिन्ह, धारकाचा प्रकार सांगते. ‘सी’ असल्यास कंपनी, ‘एफ’ असल्यास भागीदारी संस्था, ‘एच’ असल्यास हिंदू अविभक्त कुटुंब आणि ‘पी’ असल्यास व्यक्ती असा बोध होतो. शेवटचे चिन्ह पडताळणीसाठी असते. पहिल्या १४ चिन्हांना ० ते ३५ अशी मूल्ये देऊन त्यांना आळीपाळीने १ व २ ने गुणले जाते. प्रत्येक गुणाकारास ३६ ने भागून येणारा भागाकार व बाकी यांची बेरीज घेतली जाते आणि अशा सर्व बेरजांवरून पंधरावे चिन्ह निश्चित होते. लिहिताना झालेली चूक त्यामुळे इंटरनेटशिवायही बहुधा उघडकीस येते.

पिन कोडची व्यवस्था श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. पहिल्या तीन अंकांवरून टपाल वर्गीकरणाचे क्षेत्र कळते, जिल्हा मात्र नेहमीच कळत नाही. ४१६ ने सुरू होणारे पिन कोड कोल्हापूर, सांगली व सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत आढळतात. जिल्ह्याचा रकाना भरावयाचा असल्यास संपूर्ण सहा अंक टपाल खात्याच्या पिन कोड सूचीशी जुळवून पाहावे लागतात.

येथे दोन प्रकारची कामे दिसून येतात. पडताळणी चिन्ह तपासणे हे पूर्णतः नियमबद्ध काम आहे. परंतु जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पिन कोड मात्र गोव्यातील ४०३ ने सुरू होतो, अशी नोंद आढळल्यास नियम पुरेसा पडत नाही. एकाच पॅनवर अनेक राज्यांत नोंदणी असू शकते, त्यामुळे ही चूक आहे की शाखा आहे, हे माणसानेच ठरवावे लागते. नियम आणि निर्णय यांतील हा भेद साधनांच्या निवडीचा पाया आहे.

दृश्य साधने : सामर्थ्य व मर्यादा

१९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्कपासून तक्त्याच्या रूपात माहिती पाहण्याची सवय कार्यालयीन जीवनात रुजली. एक्सेल हे त्या परंपरेतील सर्वाधिक परिचित साधन होय. ओपनरिफाइन हे साधन खास माहितीच्या स्वच्छतेसाठी घडविले गेले. २०१० मध्ये ते फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावाने आले, नंतर गूगल रिफाइन झाले आणि २०१२ पासून ओपनरिफाइन या नावाने मुक्त प्रकल्प म्हणून विकसित होत राहिले.

दृश्य साधनांचे मोठे सामर्थ्य म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे त्यांच्यामुळे दिसतात. गावाच्या रकान्यातील सर्व भिन्न नोंदी वारंवारितेसह समोर आल्या की रोमन लिपीत इचलकरंजीच्या शेवटी कोणी ‘आय’ लिहिले आहे, तर कोणी दुहेरी ‘ई’, हे लगेच ध्यानात येते. ओपनरिफाइनमधील गटबांधणीची सोय अशा सदृश नोंदी एकत्र सुचविते आणि त्या एकरूप कराव्यात किंवा नाही, हा निर्णय वापरकर्त्यावर सोपविते.

मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. एक्सेलमध्ये कोल्हापूरचा ०२३१ हा एसटीडी संकेतांक टंकित केल्यास तो सर्वसाधारणपणे २३१ होतो. १५ पेक्षा अधिक अंकी संख्येतील पुढील अंक शून्य होतात. अशा आपोआप रूपांतरामुळे मानवी जनुकांच्या काही नावांच्या तारखा होत असत. त्यामुळे त्या नावांत बदल करणे २०२० मध्ये जनुक-नामकरण समितीस भाग पडले. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये असे रूपांतर बंद करण्याची सोय दिली असली, तरी ती वापरकर्त्यास माहीत असावी लागते. ओळींची मर्यादाही दुर्लक्षून चालत नाही. २००७ पूर्वीच्या फाइल प्रकारात ६५,५३६ ओळी मावत असत, तर नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. जुन्या फाइल प्रकाराच्या वापरामुळे २०२० मध्ये इंग्लंडमधील १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी दैनंदिन अहवालातून वगळल्या गेल्या होत्या. व्हीलुकअप या सूत्रात चौथा घटक लिहिला नाही, तर ते अंदाजे जुळणारे मूल्य आणते आणि चुकीचे उत्तरही बिनतक्रार दाखविते.

कमांड लाइन साधने : सामर्थ्य व मर्यादा

या परंपरेचे मूळ बेल प्रयोगशाळेतील युनिक्समध्ये आहे. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय आली. एका लहान साधनाचे फलित थेट दुसऱ्यास देण्याची ही पद्धत होय. १९७७ मध्ये तयार झालेली ऑक ही भाषा अहो, वाइनबर्गर व कर्निघन या तिच्या निर्मात्यांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तक्त्यातील माहितीसाठी सीएसव्हीकिट व मिलर, जेसन स्वरूपातील माहितीसाठी जेक्यू आणि बाह्य सेवांकडून माहिती मागविण्यासाठी कर्ल ही साधने आज वापरात आहेत.

या साधनांचे मुख्य सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे. मोबाइल क्रमांकातील मोकळ्या जागा, आरंभीचे शून्य व देशाचा संकेतांक काढून १० अंकी क्रमांक तयार करण्याचा नियम एकदा लिहिला की तो पुढील प्रदर्शनाच्या यादीसही जसाच्या तसा लागू करता येतो. शिवाय आज्ञांची फाइल हीच कामाची नोंद ठरते. काय केले हे आठवावे लागत नाही, ते वाचता येते.

मात्र लिहिलेला नियम चुकीचा असेल, तर तो दहा हजार ओळींवर तितक्याच वेगाने चुकीचा चालतो. संस्थेच्या नावात स्वल्पविराम असल्यास केवळ स्वल्पविरामावर रकाने तोडणारी आज्ञा पुढील सर्व रकाने सरकविते. जॉइन ही आज्ञा दोन याद्या जुळविताना न जुळलेल्या ओळी सर्वसाधारणपणे फलितातून गाळते. फलित मूळ फाइलच्याच नावाने वळविल्यास ती फाइल वाचली जाण्यापूर्वीच रिकामी होऊ शकते. म्हणून मूळ यादी नेहमी अस्पर्शित ठेवावी आणि प्रत्येक टप्प्यापूर्वी व नंतर ओळींची संख्या मोजावी.

मराठी माहितीचे विशेष प्रश्न :

देवनागरी नोंदींत काही अडचणी दोन्ही साधनांना समान आहेत. ‘कऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकास मात्र ते भिन्न वाटतात. अशा वेळी पाहून उपयोग होत नाही. युनिकोड सामान्यीकरणाचा नियमच लावावा लागतो. याउलट उस्मानाबाद व औरंगाबाद यांची २०२३ मध्ये अनुक्रमे धाराशिव व छत्रपती संभाजीनगर, तर अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झाले. जुन्या-नव्या नावांत पुरेसे ध्वनिसाम्य नसल्याने गटबांधणी ती सहसा एकत्र आणू शकत नाही. त्यासाठी माणसाने तयार केलेला नामांतराचा तक्ताच हवा.

निवडीचे निकष :

वरील विवेचनावरून पुढील निकष सुचविता येतात.

१. नियम की निर्णय : ज्या कामाचा नियम एका वाक्यात सांगता येतो, ते कमांड लाइनकडे द्यावे. जेथे नोंद पाहून ठरवावे लागते, तेथे दृश्य साधन वापरावे.

२. पुनरावृत्ती : एकदाच करावयाच्या दोनशे ओळींच्या कामासाठी आज्ञावली लिहिणे सहसा परवडत नाही. दरमहा येणाऱ्या यादीसाठी ती न लिहिणे परवडत नाही.

३. माहितीचा प्रवास : दृश्य साधन म्हणजे ऑनलाइन सेवा, असे समीकरण योग्य नाही. ओपनरिफाइन वापरकर्त्याच्या संगणकावर चालते, तर कर्लची एक आज्ञा संपूर्ण यादी बाहेर पाठवू शकते. जीएसटी क्रमांकात ‘पी’ असलेल्या एकल मालकीच्या व्यवसायाबाबत व्यावसायिक माहिती व व्यक्तिगत माहिती यांतील सीमा पुसट होते, कारण तेथे व्यक्तीचा पॅनच उघड होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची योजना आहे. आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा व पुसण्यास सांगण्याचा अधिकार या अधिनियमाने व्यक्तीस दिला आहे.

४. वारसा : जाणकार कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर काम चालू राहील काय, हा प्रश्न लहान संस्थांसाठी निर्णायक असतो. कोणासही न समजणारी स्क्रिप्ट आणि कोणासही न आठवणारे माउसचे टप्पे, दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात. ओपनरिफाइनमधील कृतींचा इतिहास बाहेर काढून पुन्हा लागू करता येतो आणि एक्सेलमधील पॉवर क्वेरी प्रत्येक टप्पा नोंदवून ठेवते. आज्ञावली येत नसल्यास किमान या सोयी वापराव्यात.

प्रत्यक्षात दोन्ही साधनांची साखळी अधिक फलदायी ठरते. प्रथम कमांड लाइनने क्रमांकांचे प्रमाणीकरण, पडताळणी चिन्हाची तपासणी व पिन कोड सूचीशी जुळवणी करावी. शंकास्पद नोंदी वेगळ्या फाइलमध्ये काढून दृश्य साधनात पाहाव्यात. तेथे घेतलेला प्रत्येक निर्णय मात्र थेट यादीत न दडविता ‘मूळ नोंद’ व ‘स्वीकृत नोंद’ अशा दोन रकान्यांच्या तक्त्यात नोंदवावा. पुढील महिन्यात हाच तक्ता आज्ञावलीस पुरविला की काल माणसाने घेतलेला निर्णय आजचा नियम होतो आणि शंकास्पद नोंदींची संख्या उत्तरोत्तर घटत जाते.

निष्कर्ष :

कमांड लाइन व दृश्य साधने परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत. नियम राबविण्यासाठी पहिली आणि निर्णय घेण्यासाठी दुसरी उपयुक्त ठरतात. कोणतेही साधन निवडले, तरी भरलेल्या प्रत्येक माहितीसोबत तिचा स्रोत, भरल्याचा दिनांक व पद्धत यांचे रकाने ठेवणे अनिवार्य मानावे. “माझा क्रमांक आपणास कोठून मिळाला?” असे संभाव्य ग्राहकाने विचारले असता विक्री प्रतिनिधीस यादी पाहून खरे उत्तर देता येणे, हीच समृद्धीकरणाच्या यशाची कसोटी होय. ज्या साधनाने हे उत्तर जतन होते, ते साधन त्या संस्थेसाठी योग्य समजावे.