बागकामात हातमोजे कधी घालावेत?

रोप लावताना मी हातमोजे काढून ठेवते. वाफ्यातून मिरचीचं कोवळं रोप उचलताना त्याची केसासारखी मुळं तुटू नयेत, एवढा हलका हात मोज्यातून पडत नाही. मातीचा ओलावाही बोटांनाच कळतो. पण गुलाबाची छाटणी, शेणखत कालवणं आणि शेराचं कुंपण कापणं ही कामं उघड्या हातांनी करूच नयेत.

शेराची फांदी मोडली की पांढरा चीक टपटप गळू लागतो. तो कातडीला लागला तर आग होते. त्याच हाताने डोळा चोळला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी.

मातीतला मोठा धोका धनुर्वाताचा. त्याचे बीजाणू माती आणि शेणात वर्षानुवर्षं तग धरतात. काटा खोल रुतला की जखम वरून बारीक दिसते, पण आत हवा पोचत नाही आणि तिथेच हे जिवाणू वाढतात. म्हणून मोजे घाला अथवा न घाला, धनुर्वाताच्या लशीचा डोस दर 10 वर्षांनी घ्याच.

सुती मोजे ओले झाले की चिखल आत झिरपतो आणि काटाही आरपार जातो. रोजच्या कामाला तळव्यावर नायट्रिल रबराचा थर असलेले, बोटांना नीट बसणारे घ्या. गुलाबासाठी कोपरापर्यंतचे चामडी. आणि घालण्याआधी ते उलटे धरून झटका. पावसाळ्यात आत गोम किंवा विंचू दडून बसलेला असू शकतो.