जिभेखालची गोळी

दिल्लीत ज्याला स्मॅक म्हणतात, ते आपल्याकडचं गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन. अनिल अवचटांनी त्याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांसह पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात व्यसनमुक्तीचं एक चित्र पक्कं बसलंय: पस्तीस दिवस आत राहायचं, टर्की (नशा थांबल्यावर होणारा त्रास) सोसायची, बाहेर आल्यावर पुन्हा हात लावायचा नाही. गाझियाबादच्या कमला नेहरू नगरात 'एम्स'चं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र आहे. तिथल्या कामाकडे पाहताना हे चित्र थोडं बाजूला ठेवावं लागतं.

केंद्र १९८८चं. आधी ते दिल्लीच्या हरिनगरातल्या दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात होतं, २००३ मध्ये इथे आलं. खाटा पन्नास. पण खरी कसोटी खाटांवर नाही, बाहेरच्या रांगेत लागते. गर्दवाला माणूस दाखल होतो, आठ-पंधरा दिवसांत अंग सावरतं, आणि घरी गेला की बहुतेकदा पुन्हा ओढू लागतो. त्यातही धोका असा, की मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचाच डोस घेतला तरी जीव जाऊ शकतो. म्हणून इथे अनेकांना ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी देतात, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं.

ही गोळीही अफूच्याच कुळातली. मेंदूत हेरॉइन जिथे जाऊन बसतं, तिथेच ती बसते, पण काम अर्धवटच करते. टर्की थांबते, तलफ निवते, झिंग मात्र फारशी चढत नाही. गिळली तर बरीचशी वाया जाते, म्हणून जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं दवाखान्यात कर्मचाऱ्यांसमोर बसायचं. कारण उघड आहे: खिशात गेलेली गोळी विकली जाते, नाहीतर पाण्यात विरघळवून शिरेत टोचली जाते.

आता यात मजुराचं काय होतं ते पाहा. नाक्यावर मुकादम सकाळी माणसं उचलतो, दवाखाना त्यानंतर उघडतो. गोळी घेतली तर रोजी बुडते, रोजी धरली तर गोळी चुकते. वर रिक्षाचं भाडं. अशा माणसाच्या केसपेपरवर 'उपचार सोडला' असा शेरा पडतो, तेव्हा कोणी कोणाला सोडलं हा प्रश्न मला पडतो. त्रिलोकपुरी ही पूर्व दिल्लीतली, आणीबाणीच्या काळात वसवलेली पुनर्वसन वसाहत. 'एम्स'चा दवाखाना तिथे वस्तीतच चालतो, त्यामागचा हिशोब याच प्रश्नाशी जुळणारा आहे. २०२०च्या टाळेबंदीत तर देशभरातल्या सरकारी केंद्रांना अनेक दिवसांच्या गोळ्या घरी द्याव्या लागल्या. एरवी ज्याच्यावर एका गोळीपुरताही विश्वास टाकला जात नव्हता, त्याच्या हातात तेव्हा पुडी पडली.

गाझियाबादच्या याच केंद्राने केलेलं व्यसनांचं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७७ लाख. उपचारांची टंचाई दारूतही दिसते: दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांत एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळालेला.

'एक नशा सोडवून दुसरी लावली' हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो. मधुमेह्याच्या इन्सुलिनला आपण नशा म्हणत नाही, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. इन्सुलिन कोणी चोरून विकत नाही. त्यापेक्षा फ्रान्सकडे पाहावं. तिथे १९९६ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहून देता येऊ लागली आणि पुढच्या काही वर्षांत अतिसेवनाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले.

पण रुग्ण उपचारात टिकतो की नाही, हे फार लहान जागी ठरतं. आठवडाभर गायब झालेला माणूस खिडकीशी परत येतो तिथे. ब्युप्रेनॉर्फिनची एक खोड आहे: अंगात ताजं गर्द असताना ती दिली, तर ती त्याला हुसकावून स्वतः जागा बळकावते आणि थांबवायची तीच टर्की जोरात सुरू होते. म्हणून शेवटचं कधी ओढलं, हे खरं कळायलाच हवं. डॉक्टर नाडी मोजतात, डोळ्यांच्या बाहुल्या पाहतात, जांभया येताहेत का, अंगावर काटा आहे का, नाक वाहतंय का ते बघतात. तरी तासांचा हिशोब त्याच्याच तोंडून यावा लागतो. मागच्या वेळी सर्वांसमोर झापलेला माणूस 'परवा' म्हणतो. ओढलेलं असतं आज सकाळी.