पळस बघायला जा, पण लोकेशन टाकू नका!

मार्च आला की मोबाइलवर उत्तराखंड-सिक्कीमच्या रील्स सुरू होतात. डोंगरभर लालभडक ऱ्होडोडेंड्रॉन, तिकडचा बुरांश. उत्तराखंडचा तो राज्यवृक्ष. सिक्कीममध्ये बर्सेला तर खास त्याचं अभयारण्य आहे. आपण लाइक करतो आणि मित्राला म्हणतो, ‘आपल्या चंद्रपुरात काय आहे बे? ऊन नि कोळसा!’

बुरांशला थंड डोंगर लागतो, तो काही इकडे येणार नाही. पण त्याच दिवसांत आपला पळस पेटलेला असतो, त्याचं काय? चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला निघा. लोहारा, चिचपल्ली, केळझर... दोन्ही बाजूंनी केशरी. या बागेला ना कुंपण, ना तिकीट. झारखंडने याच फुलाला राज्यपुष्प केलंय. आपण मात्र एसटीच्या खिडकीतून बघतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो.

एकदा गाडी थांबवून फूल जवळून बघा. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. म्हणून संस्कृतात नाव ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नाही?’ वास नाही, पण मध भरपूर. त्यासाठी मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते आणि त्यांच्या अंगाला लागलेले परागकण या झाडावरून त्या झाडावर जातात. तुम्ही फांदी मोडली की या पाखरांचं ताट ओढलंत, एवढं लक्षात ठेवा. होळीच्या रंगासाठी खाली पडलेली फुलं वेचा, रात्रभर पाण्यात भिजवा. काम झालं!

आता महत्त्वाचं. हजारो केशरी झाडांत एखादा पिवळा पळस निघतो. दुर्मीळ असल्याने त्याच्याभोवती गुप्तधन, करणी असल्या भाकडकथा चिकटल्यात. त्यापायी लोक साल सोलतात, मुळ्या खणतात. बुंध्याभोवतीची साल गेली की झाडाचं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि ते उभ्या उभ्या वाळतं. म्हणून असा पळस दिसला तर फोटो खुशाल काढा, पण गावाचं नाव, रस्ता, लोकेशन काही टाकू नका. सांगायचंच तर तिथल्या वनरक्षकाला सांगा. तुमची एक पोस्ट म्हणजे कुऱ्हाड घेऊन येणाऱ्याला दिलेला पत्ता ठरू शकते.

आणि हो, हा वाघांचा मुलूख आहे. रीलसाठी जंगलात शिरायचं नाही. पहाटे नि सांजवेळी तर नाहीच. चांगलं ऊन पडल्यावर, चौघं मिळून, रस्ता न सोडता बघा. पाण्याची बाटली न्या, रिकामी झाली की परत आणा.

बहर थोड्याच दिवसांचा असतो. परीक्षेचं टाइमटेबल लागलंय, माहीत आहे. पण एक रविवार सकाळ तर निघेल ना?