रवंथी प्राण्यांची पचनसंस्था

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण इ. प्राणी घाईने गिळलेला चारा सवडीने पुन्हा तोंडात आणून बारीक चावतात. या क्रियेस रवंथ म्हणतात. चाऱ्यातील सेल्युलोज (वनस्पतींच्या कोशिकाभित्तीतील तंतुमय घटक) पचविणारे एंझाइम या प्राण्यांचे शरीर स्वतः तयार करीत नाही; ते काम पोटातील सूक्ष्मजीव करतात. वऱ्हाडातील ज्वारीचा कडबा व तुरीचे कुटार यांचे दुधात आणि श्रमशक्तीत रूपांतर होते, ते यामुळेच.

रचना : या प्राण्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिले कोटीपोट सर्वांत मोठे असून प्रौढ गाईत त्याची धारणक्षमता शंभर लिटरांहून अधिक असू शकते. दुसऱ्या जाळीपोटाचे अस्तर मधाच्या पोळ्यासारखे असते. तिसऱ्या पडदेपोटात पानांसारख्या घड्या असून तेथे पाणी शोषले जाते. चौथ्या, खऱ्या पोटात मानवी जठराप्रमाणे अम्ल व पाचक रस स्रवतात. नवजात वासरात हेच पोट मोठे असते. अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या खाचेतून दूध थेट तेथे पोहोचते.

कार्य : कोटीपोटात सु. ३९° से. तापमानास, ऑक्सिजनविरहित स्थितीत, सूक्ष्मजंतू, आदिजीव व कवके चाऱ्याचे किण्वन करतात (आंबवितात). त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही अम्ले निर्माण होऊन कोटीपोटाच्या भित्तीतून रक्तात शोषली जातात. जनावराच्या ऊर्जेचा सु. ७०% भाग त्यांपासून मिळतो. मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू ढेकरांवाटे बाहेर पडतात. ते अडल्यास पोटफुगी होते. पुढे वाहून गेलेले सूक्ष्मजीव चौथ्या पोटात व लहान आतड्यात पचतात आणि जनावरास प्रथिने पुरवितात. रवंथ करताना स्रवणारी क्षारधर्मी लाळ किण्वनातील अम्लता आटोक्यात ठेवते. मोठ्या गाईत दिवसाकाठी शंभर लिटरांहून अधिक लाळ स्रवू शकते.

आहार व विकार : जनावरास चारणे म्हणजे प्रथम या सूक्ष्मजीवांस चारणे होय. सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य प्रौढ जनावराच्या कोटीपोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. कोटीपोट अविकसित असलेल्या लहान वासरास मात्र ते घातक ठरते. याउलट, ज्वारीच्या कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ताटांतील धुरिन या द्रव्यापासून कोटीपोटात हायड्रोसायनिक अम्ल झपाट्याने मुक्त होते व जनावर अल्पावधीत दगावू शकते.

पोळ्याच्या दिवशी बैलास एकाएकी भरपूर पुरणपोळी किंवा धान्य खाऊ घातल्यास लॅक्टिक अम्ल साचते, उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात, रवंथ थांबतो आणि उपचारास विलंब झाल्यास मृत्यूही ओढवतो. म्हणून गोड घास नावापुरताच द्यावा. पिठूळ खाद्य वाढवायचे असल्यास ते काही दिवसांत हळूहळू वाढवावे व सोबत कडबा ठेवावा.

अकोल्याच्या जुन्या शहरासारख्या दाट वस्तीत मोकळ्या फिरणाऱ्या जनावरांना निराळा धोका संभवतो. उकिरड्यावर गिळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सूक्ष्मजीवांना पचविता येत नाहीत. त्यांचा गोळा कोटीपोटात साचून राहतो. तार किंवा खिळा जाळीपोटात अडकतो आणि पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकतो. रवंथ बंद पडणे हे अशा अनेक विकारांचे प्रारंभीचे लक्षण असल्याने ते दिसताच पशुवैद्यास दाखविणे आवश्यक असते.