फरशी रंगली, पुढे काय?

वरसावे नाक्यावरून खाडीचा पूल ओलांडला की पालघर जिल्हा लागतो. महामार्गाने तसेच उत्तरेला गेले की डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये या टेकडीवर आले. वर्गात जे दिसले ते लिहायचे आणि इतर शिक्षकांपर्यंत पोचवायचे, ही ताराबाईंची जुनी सवय. मराठी ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी त्याचसाठी चालवली.

सरकारी व्यवस्थेत हे काम केंद्रप्रमुखाकडे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या प्रमुखाकडे असते. जवळपासच्या शाळांनी एकमेकींना हात द्यावा, ही शिफारस कोठारी आयोगाची (१९६४-६६). महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, पुढे शिक्षण परिषद रुळली. कागदावर ती शिक्षकांची चर्चा. प्रत्यक्षात अनेकदा परिपत्रकांचे वाचन, माहितीचे तक्ते आणि चहा. त्यात केंद्रप्रमुखांची कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी. जे आहेत त्यांना शिक्षक थट्टेने टपालवाले म्हणतात!

तरी एका बीटाने, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाने, गोष्ट बदलली. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावाद वर्गात उतरवला. मुले गटांत बसू लागली, फरशीवरच्या आकृत्यांवर खडे-काड्या मांडून शिकू लागली. साहेबांनी तपासणीला यायचे आणि शेरा लिहून जायचे, ही रीत मोडणे त्याहून अवघड होते. मुलाला काय येत नाही हे सांगताना शिक्षकाची मान खाली जाऊ नये, एवढा विश्वास आधी लागतो. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर राज्यभरातले शिक्षक कुमठे पाहायला गेले.

परत येऊन अनेकांनी फरशा रंगवल्या.

रंग एका सुट्टीत होतो. आपला फसलेला तास सहकाऱ्यासमोर उलगडायला मात्र वेळापत्रकात जागा लागते, आणि ती जागा मुख्याध्यापकच करू शकतो. जपानच्या शाळांत शिक्षक मिळून एक धडा आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे पाहतात आणि नंतर बोलतात. आपल्याकडे मागे कुणी येऊन उभे राहिले की तपासणी आली, असेच वाटते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासाला वर्षाला ५० तास सांगितले आहेत. ते पडद्यावरच्या व्हिडिओत संपतात की शेजारच्या वर्गात, हेही बऱ्याच अंशी मुख्याध्यापकाच्या हाती.

वरसावे ज्या मीरा-भाईंदर महापालिकेत येते, तिच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमांच्या आहेत. अपूर्णांक चारही माध्यमांत मुलांना अडवतो: तीनपेक्षा चार मोठे, मग एक-चतुर्थांश एक-तृतीयांशाहून लहान कसा? मराठीच्या बाईंनी यासाठी भाकरीचे तुकडे केले असतील, तर ते पाहायला उर्दूच्या सरांना भाषेची अडचण फारशी येणार नाही. फक्त त्या तासाला त्यांचा वर्ग कुणीतरी सांभाळायला हवा.