मेंदूचें चित्र आणि यंत्राची खोड

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत साचा बिघडला कीं उत्तम शाडूचीहि मूर्ति बिघडते. मेंदूचीं चित्रें काढणाऱ्या यंत्रांविषयीं आज मला असेंच कांहीं सांगावयाचें आहे.

रोह्याच्या एका वृद्ध गृहस्थांना विसर पडूं लागला, अशी कल्पना करा. मुलानें पनवेलला नेऊन त्यांचा एम्.आर्.आय्. काढविला, दोन वर्षांनीं दुसरा मुंबईंत झाला. नव्या चित्रांत मेंदू थोडा आकसलेला दिसला आणि घर हवालदिल झालें. पण मेंदू आकसला, कीं केवळ यंत्र बदललें?

या यंत्राचा मुख्य भाग म्हणजे द्रवरूप हीलियममध्यें थंड ठेवलेलें प्रचंड विद्युच्चुंबक. रुग्णालयांत तें बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचें असतें, १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट. त्यांत शरीरांतील पाण्यामधील हायड्रोजनचीं अणुकेंद्रें ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना प्रतिसाद देतात. या लहरी, श्रोतेहो, माझें भाषण तुमच्यापर्यंत आणणाऱ्या लहरींच्याच जातीच्या! कोणता प्रतिसाद कोणत्या जागेचा, हें कळावें म्हणून चुंबकत्व जागोजागीं किंचित् कमीअधिक करतात. हा चढउतार कडेला अगदीं सरळ राहत नाहीं. तेथें चित्र ताणलें वा दाबलें जातें. प्रत्येक यंत्राची ही खोड निराळी.

ती पकडण्यासाठीं माणसाऐवजीं एक नळकांडें यंत्रांत ठेवतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या नळकांड्यांत निकेल क्लोराइड व मीठ घातलेलें पाणी असतें. आंतील लांबी १४८ मिलिमीटर. चित्रांतहि तेवढीच भरली पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरची चूक ती काय, असें वाटेल. पण त्याच प्रमाणांत ती तिन्ही दिशांनीं झाली, तर घनफळांत एक टक्क्याची चूक होते, आणि निरोगी वृद्धाचा मेंदू वर्षाला साधारण अर्धा टक्काच घटतो!

म्हणून २००४ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या अल्झायमर-संशोधनाच्या उपक्रमानें सर्व केंद्रांना एकच रीत लावून दिली. यंत्र कोणत्याहि कंपनीचें असो, चित्राचा कण सव्वा मिलिमीटरच्या आसपास, आणि जोडीला नमुन्याच्या वस्तूचें चित्रण. नेहमींच्या तपासणींत पांच-पांच मिलिमीटर जाडीच्या चकत्या पुष्कळदां पुरतात. मोजमापाला त्या पुरत नाहींत.

आतां तुलना कोणाशीं? मेंदूचा सर्रास वापरला जाणारा नमुना माँट्रिऑलचा, पाश्चात्त्य माणसांवरून केलेला. २०१९ सालीं हैदराबादच्या ट्रिपल आय्.टी. संस्थेनें १०० भारतीयांवरून आपला नमुना तयार केला. सरासरी आकार पाश्चात्त्यांहून लहान भरला. (यावरून बुद्धीचें माप कोणीं काढूं नये.) परक्या नमुन्याशीं ताडल्यास आपला धडधाकट मेंदूहि आकसलेला वाटण्याचा संभव आहे.

रोह्याच्या त्या मुलानें तज्ज्ञाकडे नुसता कागदी अहवाल नेऊं नये. दोन्ही वेळच्या सी.डी. न्याव्या. यंत्र कोणतें, किती टेस्लाचें, चकती किती जाडीची, ही नोंद चित्रांबरोबरच त्यांत असते. आणि तिसऱ्यांदा चित्र काढण्याची वेळ आली, तर शक्यतों पनवेलच्या त्याच यंत्राकडे जावें.